दत्तक घेतलेली कुत्री नवऱ्याला प्रचंड घाबरते. त्याने तिच्याशी कसं वागावं?

अबोली

सावरीला आम्ही एका निवाऱ्यातून घरी आणलं त्याला आता दीडेक महिना झाला. वय साधारण दोन वर्षं, तांबूस रंग, शिडशिडीत अंग, एक कान उभा आणि एक पडलेला. तिचं आधीचं आयुष्य कसं गेलं हे निवाऱ्यातल्या लोकांनाही फारसं माहीत नव्हतं. "बुजरी आहे, वेळ द्या," एवढंच ते म्हणाले होते आणि आम्ही त्या तयारीनेच तिला आणलं.

माझ्याशी तिचं छान जमलंय. मी स्वयंपाकघरात असले की दाराच्या चौकटीला टेकून बसते, मी कुठे बसले की पावलांशी येऊन झोपते. गळ्याखाली खाजवलेलं तिला फार आवडतं. पण नवरा घरात शिरला की ही जणू दुसरीच कुत्री होते. शेपूट पोटाला चिकटते, कान मागे जातात, अंग चोरून भिंतीच्या कडेकडेने जाते ती थेट पलंगाखाली. तो बसून असेल तर थोड्या वेळाने डोकं तरी बाहेर काढते. तो उभा राहिला की मात्र संपलं. आता तर नुसती खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला तरी पळते, कारण त्यानंतर तो उभा राहणार हे तिच्या लक्षात आलंय.

नवरा अतिशय शांत माणूस आहे. उंच आहे, आवाज खर्जातला आहे, दाढी आहे. तिच्याशी वाकडं असं तो काहीच वागलेला नाही आणि त्याला या सगळ्याचं खूप वाईट वाटतं. रोज संध्याकाळी जमिनीवर बसून, तळहातावर उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवून तो हात पुढे करतो. ती यायची. पण कशी, तर मागचे पाय होते तिथेच रोवलेले, पुढचं अंग ताणून ताणून लांब केलेलं आणि डोळे सतत त्याच्या चेहऱ्यावर. तुकडा ओढून घेतला की झटक्यात मागे. परवा तिने तुकडा तोंडात धरला आणि नेमकं तेव्हाच त्याने नाक खाजवायला दुसरा हात उचलला. ती जागच्या जागी मुतली, गुरगुरली आणि पलंगाखाली गेली ती आम्ही सगळे झोपेपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हापासून त्याच्या हातात चिकन दिसलं की येण्याऐवजी उलट निघूनच जाते.

ओळखीच्यांकडून दोन सल्ले मिळालेत. एक म्हणजे मी तिला खायला देणं पूर्ण बंद करायचं आणि फक्त नवऱ्याने द्यायचं, भूक लागली की आपोआप येईल. दुसरा, त्याने तिला मांडीवर घट्ट धरून बसायचं आणि धडपड थांबेपर्यंत सोडायचं नाही, म्हणजे भीती मोडते. दुसरा ऐकूनच पोटात गोळा आला. पहिल्याचं काय करावं ते कळत नाही. ज्यांनी असं कुत्रं सांभाळलंय त्यांनी कृपया सांगा, त्याने नक्की काय करायचं आणि काय टाळायचं?

सांजवारा

दोन्ही सल्ले सोडून द्या. आमच्याही घरी अशीच बुजरी कुत्री होती, ती माझ्या वडिलांना घाबरायची. वडिलांनी तिच्याकडे लक्ष देणंच सोडून दिलं. ते तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे. त्यांचा आवाज रोज एकाच लयीत कानावर पडत राहिला आणि त्यातून तिला काहीच त्रास झाला नाही. मग एक दिवस मागून येऊन तिने त्यांची पाठ हुंगली. वडील तसेच वाचत राहिले, वळून पाहिलं नाही. मला वाटतं त्या न वळण्यानेच बरंच काम केलं. तुमच्या मिस्टरांना हे करून पाहायला सांगा.

पाऊलवाट

अबोलीताई, मी बरीच वर्षं निवाऱ्यातली घाबरलेली कुत्री तात्पुरती घरी सांभाळून, माणसांत रुळली की पुढच्या घरी पाठवतो. तुम्ही तिचं वर्णन इतकं नीट केलंय की सांगणं सोपं जाईल. सांजवारा यांनी सांगितलेलं वाचन जरूर सुरू करा. पण सगळ्यात आधी, हातावरून खाऊ देणं आजपासून बंद.

हे जवळजवळ सगळे करतात आणि प्रेमापोटीच करतात. पण ती मागचे पाय रोवून मान ताणत होती तेव्हा तिच्या आत काय चाललं होतं ते बघा. चिकन तिला पुढे ओढत होतं आणि भीती मागे. खाण्याच्या ओढीने ती तिला झेपेल त्याहून जवळ येत होती. तुकडा तोंडात गेला की ओढ संपते आणि तिच्या लक्षात येतं की आपण या माणसापासून हातभर अंतरावर उभे आहोत. त्या क्षणी समोर काहीही हललं तरी ते भयंकर वाटतं. तुमच्याकडे मुतण्यावर आणि गुरगुरण्यावर निभावलं. बऱ्याच घरांत चावा बसतो तो याच जागी, आणि लोक म्हणतात, "आत्ता तर हातातून खात होती!"

आता उलट करायचं. तिला जवळ बोलवायचंच नाही. तुकडा टाकायचा तो तिच्या पलीकडे, म्हणजे तो घ्यायला तिला मिस्टरांपासून लांब जावं लागेल. त्यांनी जमिनीवर किंवा खुर्चीत तिरकं बसायचं, तिच्याकडे थेट बघायचं नाही, आणि मनगटाच्या हलक्या झटक्याने तुकडा तिच्या मागे टाकायचा. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. ती मागे जाईल, खाईल, वळेल आणि बघेल. बहुतेक वेळा ती आपणहून एखादं पाऊल पुढे येते. तेव्हा परत तुकडा तिच्या मागे. सुझान क्लोदियर या अमेरिकन प्रशिक्षिकेची ही पद्धत आहे, तिला 'ट्रीट-रिट्रीट' म्हणतात. यात तिला एकाच वेळी दोन गोष्टी मिळतात, खाऊ आणि सुटका. घाबरलेल्या जनावराला सुटका खाऊपेक्षा मोठी वाटते. हा माणूस असताना मला हवं तेव्हा लांब जाता येतं, हे एकदा तिला पटलं की जवळ येणं ती स्वतः सुरू करते. मी सांभाळलेल्या जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या बाबतीत कळीचा मुद्दा हाच निघाला.

किती अंतरावरून सुरुवात करायची हे सावरीच सांगेल. मिस्टर दिसतात, ती त्यांच्याकडे बघते आणि नजर काढून दुसरीकडेही बघू शकते, जमीन हुंगते, तुकडा सावकाश चावून खाते. हे तिला झेपणारं अंतर. तुकडा दिसूनही घेत नसेल, किंवा एरवी अलगद घेणारी कुत्री दातांनी खसकन ओढत असेल, तर तुम्ही जास्त जवळ आहात. आणखीही खुणा असतात. खायला काही नसताना जिभेने नाक चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, पुढचा एक पाय उचलून धरणं, डोकं एकीकडे वळवून डोळ्यांच्या कडेने बघणं (मग बुबुळाच्या बाजूला पांढऱ्याची कोर दिसते). सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे एकदम स्तब्ध होणं. लोकांना वाटतं शांत झाली. ती शांत नसते, गोठलेली असते. श्वास बघा, तोंड मिटलेलं असतं आणि बरगड्या जेमतेम हलताना दिसतात. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षिका टुरिड रुगास यांनी अशा बारीक खुणांकडे लोकांचं लक्ष वेधलं आणि निदान माझी तरी कुत्र्यांकडे बघायची नजर त्यामुळे बदलली. याउलट तिने ओलं झाल्यासारखं सगळं अंग झाडलं की समजा ताण उतरतोय.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक घरांत तिथेच गाडी अडते. आधी मिस्टर दिसले पाहिजेत, मग खाऊ यायला हवा. ते गेले की खाऊही थांबला पाहिजे. आपण करतो उलटं. डबा उघडल्याचा आवाज, चिकनचा वास, आणि मग तो माणूस. कुत्री शिकते की चिकन आलं म्हणजे आता भीतीची वेळ आली, आणि मग ती चिकनलाच घाबरायला लागते. चिकन दिसलं की निघून जाते असं तुम्ही लिहिलंय ना, ते हेच. म्हणून काही दिवस चिकन बाजूला ठेवा, उकडलेलं अंडं किंवा तिला आवडणारं दुसरं काही घ्या, खोली बदला, संध्याकाळची ती वेळही बदला. तुकडे मिस्टरांच्या खिशात आधीपासून असू देत. ते दारात दिसले की दोन क्षणांनी तुकडा. कधीतरी ते फक्त पलंगाजवळून जाता जाता, न थांबता, न वाकता एक तुकडा खाली टाकून पुढे निघून जातील. हे जाता जाता टाकणं फार गुणाचं आहे, कारण त्यांना तिच्याकडून काहीच नको असतं.

फक्त नवऱ्याने खायला द्यायचं, हे नको. तिला या घरात विश्वासाची एकच जागा आहे, ती म्हणजे तुम्ही. ती काढून घेऊ नका. रोजचं जेवण तिला तुमच्याकडून, निवांत, तिच्या भांड्यात मिळू द्या. भूक आणि भीती एकत्र केली की ती खाईल कदाचित, पण खाताना तिचं सगळं लक्ष त्यांच्या हालचालीवर असेल. मांडीवर धरून ठेवण्याबद्दल तर तुम्हीच ठाम राहा.

पलंगाखालची जागा तिची आहे. तिथे एक जुनी चादर टाका. तिथून ओढून काढायचं नाही, वाकून बघायचं नाही, तिथली वाट अडेल असं कुणी बसायचं नाही. जिथे खात्रीने लपता येतं तिथूनच जनावर बाहेर येतं.

आणि बाहेर नेताना नुसत्या गळपट्ट्यावर नेऊ नका. बुजरं कुत्रं बिथरलं की मागे मागे सरकतं आणि गळपट्टा डोक्यावरून निसटतो. साधा हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) निसटतो. छातीच्या मागे पोटाशी तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्या. नावाचा बिल्ला लावा, मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची बारीक चिप) नसेल तर बसवून घ्या. चुकून सुटलीच तर मागे धावायचं नाही, हाका मारत सुटायचं नाही. खाली बसायचं, तिच्याकडे पाठ करून, आणि जमिनीवर खाऊ टाकत राहायचं. हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा.

अबोली

पाऊलवाट, काय आभार मानू! नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. "हात पुढे करायचा नाही" ऐकून त्याला आधी वाईटच वाटलं, पण क्रमाबद्दलचं वाचल्यावर तो म्हणाला, "हो, डबा उघडला की आजकाल पळतेच ती."

दोन शंका आहेत. ती गुरगुरत असताना तुकडा टाकला तर गुरगुरण्याला बक्षीस मिळाल्यासारखं होणार नाही का? सासूबाई म्हणतात गुरगुरली की लगेच दटावलं पाहिजे, नाहीतर सवय लागेल. आणि दुसरं म्हणजे, पाहुणे. येणारा प्रत्येक जण म्हणतो "मला कुत्र्यांची सवय आहे, मला काही करत नाही" आणि थेट तिच्या डोक्यावर हात न्यायला जातो.

पाऊलवाट

सासूबाईंची काळजी रास्त आहे, घरात कुणाला चावेल ही धास्ती असणारच. पण गुरगुरणं हा तिचा इशारा आहे. "मला भीती वाटतेय, मागे व्हा," हे ती न चावता सांगतेय. दटावून गुरगुरणं बंद होतं, भीती जिथल्या तिथे राहते. मग एक दिवस ती न गुरगुरता चावते आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावली. अशा कुत्र्याबरोबर राहणं खरं धोक्याचं. गुरगुरली की मिस्टरांनी असतील तिथे थांबायचं, नजर काढायची आणि सावकाश, तिरकं होत मागे जायचं. आणि नंतर विचार करायचा की अंतर, आवाज, हालचाल यांपैकी काय जास्त झालं.

बक्षिसाचं म्हणाल तर भीती ही भावना आहे, ती खाऊच्या आशेने कुणी करत नाही. "बस" म्हटल्यावर बसली आणि खाऊ मिळाला, तर ती पुन्हा बसेल, कारण ती तिने केलेली कृती आहे. पण भीतीच्या जागी पुन्हा पुन्हा चांगलं काही घडलं तर भीती वाढत नाही, ओसरते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांना जेवणाआधीच्या आवाजाने लाळ सुटायची ती काही त्यांनी ठरवून सोडलेली नव्हती. आपल्याला मिस्टरांची चाहूल त्या आवाजासारखी करायची आहे. त्यामुळे गुरगुरताना तुकडा पडला तरी काही बिघडत नाही. फक्त रोज गुरगुरेपर्यंत वेळ येत असेल तर अंतर चुकतंय.

मांडीवर घट्ट धरण्याबद्दल मागच्या वेळी त्रोटक लिहिलं, पण तो सल्ला इतक्या घरांत दिला जातो की नीट लिहितो. पोहता न येणाऱ्याला खोल पाण्यात ढकलावं तसलाच हा प्रकार. धडपड थांबते हे खरं. का थांबते? १९६७ साली सेलिगमन आणि मायर या दोघा अमेरिकन संशोधकांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या कुत्र्यांनी काहीही केलं तरी विजेचा धक्का थांबत नव्हता, त्यांतली बरीचशी नंतर अशा जागी ठेवल्यावरही तशीच पडून राहिली जिथे एक बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. आपल्या करण्याने काही बदलत नाही हे ती शिकली होती. मांडीत जखडलेली कुत्री सैल पडते तेव्हा तिला विश्वास वाटू लागलेला नसतो, तिने आशा सोडलेली असते. मला हे लिहितानाही त्रास होतो, कारण अशी मोडून आलेली कुत्री मी सांभाळली आहेत. त्यांना पुन्हा साधं "नको" म्हणायला शिकवण्यातच फार वेळ जातो.

पाहुण्यांसाठी सोपा नियम ठेवा. सावरी सध्या पाहुण्यांना भेटत नाही. बेल वाजायच्या आधी ती आतल्या खोलीत, दार लावलेलं, चघळायला काहीतरी. हे करताना संकोच वाटू देऊ नका. "मला काही करत नाही" म्हणणाऱ्याला काही होत नसेलही, तिला होतं. पुढे कधी भेटायला लागली तर सगळ्यांना एकच सूचना द्यायची: तिच्याकडे बघू नका, हात लावू नका, ती आली तर येऊ द्या. आणि एखाद्या दिवशी ती घाबरलीच तर तो दिवस आणि पुढचा दिवस सराव सोडून द्या. एकावर एक साठत गेलेल्या भीतीत एरवी चालणारी गोष्टही चालत नाही.

शिशिर

मी पशुवैद्य आहे. वरचं सगळं पटतं, दोन-तीन गोष्टी जोडतो.

सराव सुरू करण्याआधी तिची नीट तपासणी करून घ्या. कान, दात, कंबर, गुडघे. दुखणं लपवण्यात कुत्री पटाईत असतात आणि दुखणाऱ्या अंगाला माणसाचा हात लागण्याची भीती आणखी वाढते. तपासायला नेणंच तिला जड जाणार असेल तर आधी फोन करून सांगा. गर्दी नसलेली वेळ मागा, बाहेर थांबून थेट आत जा, जमिनीवरच तपासायची विनंती करा.

दुसरं, "हिला आधी कुणीतरी पुरुषाने मारलं असणार" असा निष्कर्ष लोक पटकन काढतात. असेलही. पण बरेचदा कारण वेगळं असतं. पिल्लं साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे जे बघतात ते त्यांना नेहमीचं वाटू लागतं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात पिल्लं कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, माणसाचा संपर्क येऊ न देता वाढवली होती. त्यांतली काही वेगवेगळ्या वयात थोड्या दिवसांसाठी माणसांत आणली. चौदा आठवड्यांपर्यंत जी माणसांपासून दूर राहिली, ती माणसांना रानटी जनावरासारखी बुजायची. म्हणजे सावरीने लहानपणी उंच, दाढीवाला, खर्जातल्या आवाजाचा माणूस जवळून पाहिलाच नसेल, तर एवढंही पुरे आहे. काही प्रमाणात भित्रेपणा जन्मतःही येतो. रशियात नोवोसिबिर्स्कला १९५९ पासून बेल्यायेव या शास्त्रज्ञांनी माणसाला न घाबरणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास केली, तेव्हा मोजक्याच पिढ्यांत माणसाळलेली पिल्लं जन्मू लागली. हे सांगायचं कारण एवढंच की तिच्या भीतीसाठी कुणाला दोषी धरायची गरज नाही, आणि तुमच्या मिस्टरांनी तर मुळीच मनाला लावून घेऊ नये.

तिसरं, औषधं. काही आठवडे नीट प्रयत्न करूनही ती दिवसाचा बहुतेक वेळ पलंगाखालीच असेल, खाणं-झोप बिघडलेली असेल, तर डॉक्टरांशी बोला. फ्लुओक्सेटीनसारखी, माणसांना नैराश्यावर देतात ती औषधं कुत्र्यांनाही देतात. त्यांचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यांनी कुत्री सहसा गुंगत नाही, भीती इतकी खाली येते की ती शिकण्याच्या आड येत नाही. नुसतं गुंगवणारं औषध मात्र नको, अंग सैल पडतं आणि आतली भीती तशीच राहू शकते. आणि घरातली माणसांची गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नका.

अबोली

सगळ्यांना कळवायचं म्हणून लिहितेय. मध्ये बरेच दिवस गेले.

तपासणीत मागच्या एका दाढेला कीड आणि हिरडीला सूज निघाली. दाढ काढावी लागली. बरी झाल्यावर मग सराव सुरू केला. नवरा दिवाणखान्याच्या एका टोकाला तिरका बसून वाचतो आणि अधूनमधून तिच्या मागे अंड्याचा तुकडा टाकतो. सुरुवातीला ती फक्त नाक बाहेर काढायची. आता बाहेर येऊन, तुकडा खाऊन, त्याच्यापासून साधारण दोन हातांवर पोटावर आडवी होते. मागचे पाय एका बाजूला टाकून! काल त्याचा मोजा हुंगला. तो जागचा हलला नाही, नंतर आत येऊन माझ्याजवळ मात्र रडला.

सासूबाई आता दटावत नाहीत. उलट परवा पाहुण्यांना त्यांनीच दारात सांगितलं, "तिच्याकडे बघू नका."

अडलंय ते एका जागी. तो बसलेला चालतो, चालत जाता जाता तुकडा टाकणारा चालतो. बसलेला माणूस उभा राहिला की मात्र अजूनही पलंगाखाली. खुर्चीचा आवाज तर अजिबात नको. हे कसं सोडवायचं?

पाऊलवाट

मागचे पाय एका बाजूला टाकून आडवी झाली हे वाचून फार बरं वाटलं. ज्या कुत्रीला पळायची तयारी ठेवायची असते ती तशी पडत नाही.

उभं राहणं ही तिच्यासाठी एक गोष्ट नाही, पाच-सहा गोष्टी आहेत. हात गुडघ्यावर टेकणं, अंग पुढे झुकणं, खुर्चीचा आवाज, बूड उचललं जाणं, पूर्ण उंची, मग पाऊल. एकेक सुटी करा. आधी खुर्चीच्या पायांना खालून जाड कापड लावा, आवाज तूर्त निघून जाऊ दे. मग मिस्टरांनी बसल्या बसल्या फक्त हात गुडघ्यावर टेकायचे, तुकडा तिच्या मागे टाकायचा आणि परत टेकून बसायचं. यावर ती मान वर करेनाशी झाली की थोडं पुढे झुकायचं. मग जरासं उठून परत बसायचं. उभं राहून लगेच पुन्हा बसणं ही फार उपयोगी पायरी आहे, कारण प्रत्येक उठणं आपल्या अंगावर येत नाही हे तिला त्यातून कळतं. कुठल्याही पायरीवर ती उठून गेली तर आधीच्या पायरीवर या आणि तिथेच सराव थांबवा.

सोबत एक ठरलेला शब्द वापरा. प्रत्येक वेळी उठण्याआधी तोच, हलक्या आवाजात. "उठतोय" चालेल. शब्द, मग तुकडा तिच्या पलीकडे लांब, आणि ती तुकड्याकडे जात असताना उठणं. माणूस अचानक उंच होतो याचीच तिला धास्ती आहे. पुढे काय होणार हे आधी कळलं की निम्मी भीती तिथेच कमी होते. उठल्यावर पहिलं पाऊल कायम तिच्यापासून लांब जाणारं असू दे.

खुर्चीचा आवाज सगळ्यात शेवटी घ्या. तोही आधी तुम्ही करायचा, मिस्टरांनी नाही, आणि दुसऱ्या खोलीतून.

आणखी एक. ते दोघं बाहेर कधी एकत्र फिरतात का? नसतील तर तिघं मिळून जायला लागा. मधे तुम्ही, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते, सगळे एकाच दिशेने चालत. समोरासमोर येणं नाही, थांबून बघणं नाही. चालणारा, उंच, उभा माणूस तिच्या नजरेच्या कडेला असतो आणि तिला हुंगायला सगळी मोकळी जागा असते. बरीच कुत्री उभ्या माणसाला घराबाहेरच आधी स्वीकारतात. जिथे थांबून हुंगायचं असेल तिथे तिला पोटभर हुंगू द्या. पट्टा लांब ठेवा, आणि ती स्वतःहून त्यांच्या बाजूला जाऊन चालायला लागेपर्यंत तो तुमच्याच हातात राहू दे.